जिथं लावला तिथं खेळायचं

सेंटरभावानं बॉलला पाय लावलेला मी कधी बघितला नाय. क्लब त्याचा, मैदान त्याचं, बॉल त्याचा, गोलाचे बांबूबी त्याच्याच बेटातले. पन खेळला नाय कधी. आनि मॅच तर त्यानं बघितलीच नाय. तीसेक वर्सं गावात फुटबॉल झाला, त्यातली पैल्या वर्साची सोडली तर एकबी मॅच त्या मानसानं डोळ्यानं बघितली नाय. बघनार कशी? मैदानाकडं पाठ करून उभा राहायचा.

मैदानाच्या कडेला आमचं बावखल होतं. बावखल म्हंजे लहानसं तळं, शेताला नि धुन्याला. मी काठावरच्या धोंड्यावर कपडे आपटायची आनि तो लाईनीच्या बाहेर हात मागं बांधून उभा. त्याचं तोंड माझ्याकडं, माझं तोंड मैदानाकडं. मागं आरडाओरडा झाला का विचारायचा, "काय झालं गो बाय?"

मी काय सांगनार? मी दुसरीतून शाळा सोडलेली. मला फुटबॉल कळत नव्हता. जसं दिसायचं तसं सांगायची. "बॉल बांधावर गेला." "आपला एक पडला, उठला." "त्यांचा राखनदार आडवा झाला." गोलाला मी घर बोलायची. दोन बांबू उभे, एक आडवा, घरासारखंच दिसायचं. "घरात गेला," मी बोलली का तो विचारायचा, "कोनाच्या?" मग हळूहळू पोरंबी तसंच बोलायला लागली. घरात मार, घर राख. बाहेरगावची टीम आली का हसायची.

मी एकदा विचारलं, "भाव, एवढा जीव हाय तर वळून बघा ना."

"माझी नजर जड हाय बाय. बॉलला लागते. पैल्या वर्साला बघितलं तर सहा गोल खाल्ले."

नाव सेंटर पडलं ते ओरडन्यावरून. मॅच चालू करायची तर रेफरीच्या शिटीच्या आदी हा पाठमोरा ओरडायचा, "सेंटर!" म्हंजे बॉल मधोमध ठेवा, खेळ चालू करा. पुढं पुढं सगळ्यालाच सेंटर. पोरं भांडली, सेंटर. पेज सांडली, सेंटर. एकाची बायको माहेरी निघून गेली, तो तोंड पाडून बसलेला, तर त्याच्या पाठीवर थाप मारून बोलला, "घरात गेला तर गेला. बॉल उचल. सेंटर!" त्याच्या बायकोला मग गाव सेंटरीन बोलायला लागला. ती चिडायची. पन कोनी हाक मारली का ओ द्यायची.

सेंटरीनचं तोंड म्हंजे फटाक्याची माळ. तिचंबी काय चुकत नव्हतं. मैदान म्हंजे काय, त्यांचं भाताचं शेत. पावसात भात, कापनी झाली का फुटबॉल. दुसऱ्यांच्या शेतात कापनीनंतर ओलीवर वाल टाकायचे. हा वाल टाकू द्यायचा नाय. धसकटं काढायचा, रूळ फिरवायचा, बांध फोडून सपाट करायचा, आनि पावसाच्या आदी परत बांध घालायचा. सेंटरीन बावखलावर येऊन मला ऐकवायची, पन आवाज नवऱ्याला लागंल एवढा, "लोकांच्या शेतात वाल पिकतात, आमच्या शेतात पाय पिकतात. मंगळवारच्या बाजारात टोपलीत पाय घेऊन बसू का?"

भाव पाठमोराच बोलायचा, "राइट पाय महाग लाव."

ते दोघं ख्रिस्ती, मी हिंदू. टीमबी तशीच भेळ. रविवारी मिस्सा करून पोरं यायची, आमच्यातली मारुतीला हात जोडून यायची. भाव कोनाला काय विचारायचा नाय. त्याचा एकच कायदा होता. ज्याला खेळायचंय त्यानं पावसात त्या शेतात लावनी करायची. आनि कुठंबी नाय. जिथं खेळनार तिथं. राखनदारानं घराच्या तोंडाशी लावायचं, बॅकवाल्यांनी त्याच्या पुढं, सेंटर फॉरवर्डनं मधोमध. जिथं लावला तिथं खेळायचं. बाहेरचे येडा बोलायचे. पन पोरं लावायची. गुडघाभर चिखलात रोपांची जुडी घेऊन अकरा जन आपापल्या जाग्यावर उभे, वरनं पाऊस, आनि हा बांधावर इरलं घेऊन. त्या टायमाला मात्र तोंड शेताकडं. बघायचा. भाताला नजर लागत नाय बोलायचा.

माझा घरवाला लेफ्ट औट. त्याचा डावा कोपरा, बावखलाकडचा. लग्न होऊन मी आली तेव्हा पैल्या पावसातच मला समजलं का माझ्या नवऱ्याचा एक कोपरा हाय. स्वताची एक गुंठा जमीन नाय, मिठागरात मीठ ओढायचा, पन शेतात कोपरा हाय. लावताना तो वाकडी ओळ लावायचा. मी बांधावरनं बोलायची, "अहो, ओळ सरळ धरा." तो बोलायचा, "मी पळतो पन वाकडाच."

तालुक्याची फायनल आमच्या मैदानात होती ती सांगते. सेंटरभावानं दोन्ही टीमसाठी कोंबडी-पोह्याचं भुजिंग करून ठेवलेलं. जिंकलो तर फोडायला फटाके पिशवीत. मॅच संपायला थोडा वेळ राह्यलेला, नि दोघांचं काय नाय. मागं गलका उठला.

"काय झालं गो बाय?"

"घरात गेला!" मी ओरडली.

"कोनी मारला?"

"आपल्यानं! माझ्या घरवाल्यानं मारला!"

मला तर आभाळ ठेंगनं झालं. माझ्या नवऱ्यानं मारला, बॉल घरात गेला, मी डोळ्यानं बघितलं. कोनाच्या घरात ते विचारायला तो इसरला नि सांगायला मी इसरली. त्यानं टोपी काढली नि बावखलात भिरकावली. फटाके लावले. तेवढ्यात शेवटची शिटी झाली, तो वळला, तर समोरची टीमबी उड्या मारत होती. हा मला बोलतो, "बघ बाय, बघ. हरले तरी कशे नाचतात. याला खेळ बोलतात." आनि गेला त्यांच्या कप्तानाला मिठी मारायला. तो कप्तान बिचारा गोंधळून गेला. आमची पोरं खाली माना घालून उभी, हा एकेकाची पाठ थोपटतोय.

राखनदारानं सांगितलं तेव्हा कळलं. बॉल आमच्याच घरात मारलेला.

मला वाटलं आता माझ्या नवऱ्याचं काय खरं नाय. तो मान खाली घालून उभा. भाव त्याच्या पुढं गेला.

"तू लेफ्ट औट. आपल्या घरापाशी काय करत होतास?"

"भाव, सगळे मागं आले म्हनून मीबी आलो. बॉल बाहेर मारायचा होता."

"तिथं तू लावला होतास?"

"नाय."

"मग! जिथं लावला नाय तिथं पाय वाकडाच पडनार. चला, भुजिंग खा. गार होतंय."

संपलं. परत कधी तो विषय काढला नाय. मला मात्र पुढं वर्सभर कोनीबी भेटला का बोलायचा, "काय वैनी, कोनाच्या घरात?"

पोरगा दोन वर्साचा असताना घरवाला गेला. मिठागर बंद झालं होतं, तेव्हा तो खाडीत रेतीच्या होडीवर जायचा. बादली घेऊन खाली बुडी मारायची, रेती भरून वर यायचं. दिवसभर तेच. एक दिवस खाली गेला नि वर आला नाय. दुसऱ्या दिवशी भरतीला मिळाला. जास्ती काय सांगू? तसं पुष्कळ जनींचं झालं त्या टायमाला.

तेरावं झालं, दुसऱ्या दिवशी सकाळी सेंटरभाव गाठोडं घेऊन दारात. अकरा जर्स्या. "बाय, ह्या धुवायच्या हायेत. आजपासून दर आठवड्याला." आदी पोरं आपापल्या घरी धुवायची. क्लबाला धुनेकरीन लागते हे त्याला त्याच दिवशी सुचलं. दर रविवारी भाताची पायली घरात यायला लागली. सेंटरीन बोलायची, "पाय पिकवायचे नि भात वाटायचा." पन पायली मापायची तीच, आनि डोंगर करून मापायची.

मी जर्स्या मोजल्या. घरवाल्याची अकरा नंबरची त्यात होती. वाटलं, ही आता वेगळी ठेवंल, नायतर मला देईल. पुढच्या रविवारी बघते तर दुसऱ्याच पोराच्या अंगात. माझं डोकं फिरलं. धुनं टाकून मी उठली.

"भाव, महिना नाय झाला."

त्यानं मागं न बघता सांगितलं, "अंग गेलं बाय. जर्सी नाय गेली."

मी लय दिवस त्याच्याशी बोलली नाय. तो विचारायचा, काय झालं गो, मी गप. तर माझ्या तोंडाकडं बघून ओळखायचा. माझं तोंड पडलं का बोलायचा, "खाल्ला वाटतं." पाऊस आला, लावनी आली. सगळे आपापल्या जाग्यावर उभे. डावा कोपरा मोकळा. जर्सी घातलेला पोरगा आजारी पडलेला. भाव बांधावरनं विचारतो, "हा कोपरा कोन लावनार?"

मी पोराला बांधावर बसवलं, लुगड्याचा काष्टा खोचला नि उतरली. सरळ ओळी लावल्या. वर आली तेव्हा तो बोलला, "कोपरा तुझा." त्या दिवसापासून तो कोपरा मी लावला. जर्सी कोनाच्याबी अंगात असो, लावायची मी. तेवढी सूट त्यानं दिली. पोरगा मोठा झाला तसा तोबी माझ्या बाजूला उभा राहून लावायला लागला, मग जर्सी त्याच्या अंगात गेली. त्याची ओळ वाकडी. मी काय बोलली नाय.

क्लब कसा संपला ते लोक विचारतात. एका दिवसात नाय संपला. आदी सेंटर फॉरवर्ड आखातात गेला. टीममदल्या दोघा भावांनी जमीन विकली नि स्टेशनकडं फ्लॅट घेतला. खाडीकडं भराव पडला, खारं पानी शेतात यायला लागलं, भात जळायचा. लावनीला अकराचे नऊ झाले, नवाचे आठ. भाव बोलायचा, "सात असले तरी खेळ होतो." खरंच कायदा हाय तो. सात खेळनारे असले तर मॅच होते, सहा असले तर नाय. आनि तालुक्याच्या लीगचा नियम, वर्सात एकदाबी टीम उतरली नाय का क्लबाचं नाव काटलं.

म्हनून तो बिल्डिंगीत फिरायला लागला. मान्सं वाढत होती ना, गाव फुगत होता. हा जिने चढून एकेका दाराची बेल वाजवायचा. दार उघडलं का विचारायचा, "तुमच्यात कोन राइट बॅक हाय काय?"

एक बाई बोलली, "आम्ही पाच मिनिटांपूर्वीच घेतलं. आता नको." तिला वाटलं काय तरी विकायला आलाय.

एका बिल्डिंगीचा वॉचमन मला बावखलावर येऊन सांगतो, "मावशी, तो म्हातारा तुमच्या ओळखीचा ना? त्याला सांगा, बेला वाजवू नको. सेक्रेटरी मला शिव्या देतो."

मी बोलली, "तू खेळतोस काय?"

"मी? मी कबड्डीवाला."

एक तरुन मानूस मात्र आला खरा, बँकेत कामाला. हौस होती त्याला. लावनीलाबी आला, पॅन्ट दुमडून. दोन ओळी लावल्या, तिसऱ्या ओळीला जळू चावली. तो परत दिसला नाय. भाव त्याच्या दोन ओळी मोजून बोलला, "अर्धा राइट बॅक मिळाला."

त्या वर्सी लावून खेळनारे सात झाले. बरोब्बर सात. सातवा माझा पोरगा.

गनपती झाले नि पोराला वालीवला कारखान्यात काम लागलं. पत्र्याच्या डब्यांचा कारखाना. तीन महिने बघनार, मग पक्का करनार. पैल्या दिवशीच सुपरवायझरनं सांगितलं, खाडा केला का गेट बंद. रविवारीबी बोलावलं का यायचं. त्याच्या आदी मी काय काय केलं ते सांगत नाय बसत. लोकांची शेतं लावली, लग्नाघरी भांडी घासली, वसईच्या बाजारात दुसऱ्याची भाजी विकली. पोराला दहावी केला. घरात पैला पगार येनार होता तो हा.

मॅचच्या चार दिवस आदी सेंटरभाव दारात आला. पोरगा कामावर. भाव बाहेर ओट्यावर बसला. तो कधी पोराला विचारायचा नाय, घराला विचारायचा. "पोराला विचारलं तर पोरगा हो बोलतो आनि घर नाय बोलतं," असं त्याचं म्हननं. घरातलं मोठं मानूस हो बोललं का मगच पोरगा टीममदी.

"रविवारी हाय बाय. अर्नाळ्याची टीम येनार."

"ठाव हाय."

"सात हायेत."

"त्याला रविवारी बोलावलंय, भाव. पाळी हाय."

"या वर्साला लीगची हीच एक मॅच. दीड तास. उतरले तर नाव राहतं."

मी तांदूळ निवडत होती. खडे बघत राह्यली. मनात बोलली, ह्या मानसानं माझ्या घरात भात आनला. ह्या मानसानं मला कोपरा दिला. आनि मग त्या गेटाचं आठवलं.

"नाय, भाव. त्याला नाय पाठवत."

त्यानं मी दिलेला चहा पिला. कप उपडा घालून ठेवला. उठताना बोलला, "तांदूळ चांगला हाय. कुठल्या शेताचा?"

"तुमच्याच. मागच्या वर्साचा."

"व्हय," बोलला, नि गेला.

संध्याकाळी पोरगा आला. मी त्याला सांगितलं नाय. भाव येऊन गेला एवढंबी सांगितलं नाय. त्यानं विचारलं, "मॅचला जमले काय ग सगळे?" मी बोलली, "जमतील. तू जेव."

रविवारी तो कामावर गेला नि मी बावखलावर. धुनं नव्हतं, रिकामीच गेली. अर्नाळ्याची पोरं टेम्पोतनं उतरली, कोळ्यांची पोरं, दांडगी. आमचे सहा उभे. सहा जनांनी सगळं मैदान कशं भरनार? प्रत्येक जन आपल्या जाग्यावर उभा, आनि मदी मोकळं मोकळं. डाव्या कोपऱ्यात कोन नाय. सेंटरभाव रोजच्या जागी, मैदानाकडं पाठ.

रेफरी आला. घड्याळ बघितलं. "काका, पंधरा मिनिटं थांबतो. सात झाले तर शिटी. नाहीतर मला लिहावं लागेल."

अर्नाळ्याचा कप्तान भला पोरगा. बोलला, "आमचे चौदा आलेत. एक घ्या आमचा. एवढं काय, जर्सी घालतो तुमची."

रेफरी बोलला, "तुम्हा दोघांना चालत असेल तर मी डोळे झाकतो."

सगळे भावाकडं बघायला लागले. मला वाटलं, झालं. हो बोल रे बाबा. एवढा येळ हो बोल.

तो मागं न वळताच बोलला, "त्यानं इथं लावला नाय."

"काका, लावला म्हणजे?"

"इथं लावलेले सात लागतात. सहा हायेत. आनि ही." माझ्याकडं हात केला. "हिनं लावलाय. डावा कोपरा."

अर्नाळ्याची पोरं हसली. "मावशी, या, बूट देतो!" मी हसली नाय. मला कोनी हो बोललं असतं तर मी उभी राह्यली असती त्या कोपऱ्यात. रेफरी हसला नाय, तो बोलला, "नाही हो जमणार, काका." सोज्वळ मानूस.

पंधरा मिनिटं लय मोठी असतात. वारा होता. भाव माझ्या तोंडाकडं बघत उभा. मग नेहमीसारखं विचारलं त्यानं,

"काय झालं गो बाय?"

मी बोलली, "काय नाय भाव. उभे हायेत."

रेफरीनं वहीत लिहिलं. आमचे सहा नि त्यांचे चौदा एकमेकांचे हात मिळवून गेले. सेंटरीन घरातनं टोप घेऊन आली, सगळ्यांना भुजिंग वाढलं. त्या दिवशी ती कोनाला काय बोलली नाय, तेच मला जड गेलं.

भाव मला कधी बोलला नाय का तुझ्यामुळं झालं. पुढच्या पावसात भेटला तेव्हा पोराचंच विचारलं, "पक्का झाला काय?" मी बोलली, "झाला." बोलला, "बरं झालं." खरंच बरं वाटलं त्याला. लावनी त्यानं एकट्यानं केली त्या वर्सी, भरावाचं पानी शेतात आलेलं, अर्धी रोपं उभीच राह्यली नाय. चार वर्सांनी तो गेला. त्याच्या भावांनी जमीन बिल्डरला दिली. बावखल बुजवलं.

पोराच्या पगारावर सगळं झालं. लग्न झालं, नातवंडं झाली, आता आमी चौथ्या माळ्यावर राहतो, नळाला पानी येतं. मी चूक केली असं मी बोलनार नाय. पन रविवारी चार वाजले का माझे कान बाहेर लागतात. तो आरडाओरडा होता ना, सुखाचा, दुसऱ्या कशाचा नाय होत तसा. तो मानूस लाईनीवर पाठमोरा उभा असायचा नि अख्खा खेळ माझ्या तोंडावर बघायचा. तेवढं माझ्या तोंडाकडं परत कोनी बघितलं नाय.

परवा पोरगा सोफ्यावर बसून टीव्हीवर मॅच बघत होता. कुठं तरी जर्मनी देशातली. बोलला, "आई, बघ, एवढंसं गाव हाय त्यांचं. तरी क्लब हाय, शंभर वर्सं झाली."

मी चष्मा लावला. हिरवंगार मैदान, कडेला झाडं. मी एकेक करून मोजले.

"अकरा हायेत."

"अकराच असतात ग."

"दर रविवारी जमतात?"

तो हसला. टीव्हीकडं बघतच बोलला, "सेंटरकाका त्या शेवटच्या मॅचला मला बोलवायला आला नाय. मला तेव्हा लय लागलं होतं. वाटलं, मी कामाला लागलो म्हनून त्यानं मला काटलं."

एवढी वर्सं हे त्याच्या मनात होतं. मला ठाव नव्हतं.

"आला होता," मी बोलली. "ओट्यावर बसला होता. मी नाय बोलली."

त्यानं माझ्याकडं बघितलं. टीव्हीत कोनाच्या तरी घरात बॉल गेला, लोक ओरडायला लागले. तो बघत नव्हता तिकडं.

"आई, मला सांगायचं ना. मी गेलो असतो."

"ठाव हाय मला," मी बोलली. "म्हनून तर नाय सांगितलं."